पँथिऑन बघायला जाताय? आधी खिद्रापूरला जाऊन या

माझे वडील चुनेगच्चीचे गवंडी. जुन्या कोल्हापुरातल्या वाड्यांची डागडुजी करण्यात त्यांचा जन्म गेला. मी पुढं साइटवर मिस्त्री म्हणून उभा राहिलो आणि 38 वर्षं स्लॅब ओतून घेतले. गेल्या वर्षी पोरीच्या हट्टानं रोमला जाऊन आलो. पहिल्या दिवशी पँथिऑनमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या रोमन देवळात (आता ते चर्च आहे), शिरलो, मान वर केली, फोटो काढले आणि वीस मिनिटांत बाहेर. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट, आत एक सळई नाही, आणि आपण तो असा उभ्या उभ्या बघून आलो? दुसऱ्या दिवशी पोरीला म्हटलं, तू तुझं फिर, मी तिथंच आहे. चार तास थांबलो. आपल्याकडचं कुणी जाणार असेल तर त्यानं पहिला दिवस वाया घालवू नये, म्हणून हे लिहितोय.

तयारी इथंच करायची. जयसिंगपूर, नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत कृष्णाकाठी खिद्रापूरला जा. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाला छत अर्धवट ठेवलंय, मधोमध गोल आभाळ. बारा खांबांच्या वर्तुळावर दगडाचे थर एकेक करून आत झेपावतात आणि मध्येच थांबतात. खाली त्याच मापाची गोल शिळा आहे. तिच्या कडेला उन्हाचा डाग पडला की बारीक खूण लक्षात ठेवा आणि पंधरा मिनिटं बसा. डाग सरकलेला दिसेल. अंबाबाईच्या किरणोत्सवाला आपण हेच बघायला गर्दी करतो. इमारतीला ऊन कळतं, हे एकदा अंगात मुरलं की रोममध्ये निम्मं काम झालं.

जमलं तर कोल्हापुरात टाऊन हॉलच्या संग्रहालयातही डोकवा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पॉसायडन या समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती तिथं आहे. पंचगंगेच्या काठापर्यंत रोमन लोकांचा माल पोचत होता. ती मूर्ती बघून गेलात तर रोम तितकं परकं वाटत नाही.

आता रोम. पँथिऑनच्या दारात रांग दिसेल, पण लगेच तिच्यात उभं राहू नका. आधी इमारतीला बाहेरून वळसा घाला. मागच्या बाजूला विटांची उघडी भिंत दिसते आणि त्या भिंतीतच विटांच्या मोठमोठ्या कमानी बसवलेल्या दिसतात. त्यांच्याखाली दार नाही की खिडकी नाही. मग कमान कशाला? घुमटाचं ओझं ती आजूबाजूच्या भक्कम भागाकडं वळवते; आतल्या कोनाड्यांमुळं भिंत जिथं पोकळ आहे तिथं भार पडू देत नाही. भिंतीची जाडी सुमारे 6 मीटर. मी तिथं बराच वेळ उभा होतो. समोरच्या खांबांचे फोटो सगळे काढतात, पण इमारत उभी आहे ती या मागच्या भिंतीवर.

मग पुढं या. सोळा खांब, प्रत्येक एकाच ग्रॅनाइटच्या दगडाचा, इजिप्तमधून नाईल आणि समुद्रावाटे आणलेला. वर कोरलंय, ‘लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिपा यानं हे बांधलं’. त्यावर विसंबू नका. अग्रिपाचं मंदिर जळालं होतं. आजची इमारत हेड्रियन बादशहाच्या काळात, साधारण इसवी सन 125 च्या सुमारास पुरी झाली, आणि त्यानं जुन्या बांधणाऱ्याचंच नाव ठेवलं. खरा काळ कळला तो विटांवरच्या शिक्क्यांवरून. भट्टीवाल्याचा शिक्का शेवटी कामाला आला, याचा मला फार आनंद झाला.

आत गेल्यावर आधी खाली बघा. फरशी मध्ये किंचित फुगीर आहे आणि बारीक भोकं आहेत, कारण घुमटाच्या माथ्यावर ठेवलेल्या गोल भोकातून, म्हणजे उघड्या डोळ्यातून, पाऊस थेट आत येतो. गच्चीला ढाळ काढताना आपण करतो तेच. पाऊस आला तर पळू नका, तो बघण्यासारखा असतो.

आता मान वर. घुमटाचा व्यास 43 मीटरच्या थोडा वर, आणि जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा चेंडू मावेल. आतून कोरलेल्या खोल चौकोनी खणांच्या पाच ओळी, एका ओळीत 28. खणांनी शोभा येते आणि वजनही घटतं. पण खरी करामत मसाल्यात आहे. चुन्यात त्यांनी ज्वालामुखीची राख घातली. आमचे वडील चुन्याच्या घाण्यात चुन्याबरोबर सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मळायचे, त्यामागचं कारण तेच. नुसत्या चुन्याला पाण्यात दम नसतो, सुरखीनं तो येतो. खडीसुद्धा त्यांनी थराथरानं बदलली. खाली जड दगड, वर जाताना विटांचे तुकडे, आणि माथ्याजवळ प्यूमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा दगड. जाडीही खाली 6 मीटरच्या वर आणि डोळ्याच्या काठाला जेमतेम सव्वा मीटर. आजचा कुठलाही घुमट बघताना विचारा, खडी कुठली वापरली? इथं त्याचं उत्तर डोक्यावर लटकतंय.

डोळ्याचा गोल काठ एकमेकांना दाबून धरणाऱ्या विटांचा आहे. मध्ये भोक असूनही छत पडत नाही ते त्यामुळं. दार उत्तरेला असल्यानं उन्हाचा डाग दारावरच्या बाजूनं फिरतो. हिवाळ्यात तो घुमटातच राहतो, उन्हाळ्यात फरशीवर उतरतो. 21 एप्रिलला, रोमच्या स्थापनेच्या दिवशी, भर दुपारी तो बरोबर दारात पडतो. तारीख जुळवता आली तर जुळवा.

इतकं झालं की भिंतीकडं वळा, कारण आता चर्च बघायचंय. देवांच्या कोनाड्यांत वेद्या आल्या. फोकस बादशहानं ही वास्तू पोप चौथे बोनिफेस यांना दिली आणि 609 मध्ये 13 मे रोजी ती मेरी आणि हुतात्म्यांच्या नावानं चर्च झाली. रोममधली बाकीची कितीतरी मंदिरं चुन्याच्या भट्टीत गेली; संगमरवर जाळून चुना करत. ही वाचली, कारण इथं रोज कुणीतरी दार उघडत होतं, गळती बघत होतं. लूट तरीही झाली. 663 मध्ये दुसरा कॉन्स्टन्स बादशहा छताचे कांस्यपत्रे घेऊन गेला, आणि सतराव्या शतकात आठव्या अर्बन पोपनं दारमंडपाचं कांस्य उतरवलं. पण भिंतींना हात लागला नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाडा होता. माणसं पुण्याला गेली, दाराला कुलूप लागलं. पहिल्या पावसाळ्यात कौलं सरकली, दुसऱ्यात वासे कुजले, तिसऱ्यात भिंत बसली. वडिलांनी त्याच भिंतीला तीसेक वर्षांपूर्वी चुना लावला होता. पँथिऑनमध्ये चित्रकार राफाएलची समाधी बघायला सगळे थांबतात, तीही बघा. पण मी मात्र वेदीसमोरच्या बाकावर बसून तो वाडा आठवत होतो.

जुलै 2023 पासून आत जायला तिकीट लागतं. प्रार्थना चालू असताना पर्यटकांना सोडत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सकाळी उघडताच आत शिरा आणि दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा एकदा या. आणि परत आल्यावर कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री खिद्रापूरला जा. चांदणं त्याच गोलातून खाली येतं.