प्लास्टिक पॅकेजिंगचा ईपीआर : या चुका टाळा

आपल्या वेष्टनांचा कचरा मार्गी लावण्याचा खर्च उत्पादकानेच सोसायचा, हे ईपीआरचे (एक्स्टेंडेड प्रोड्यूसर रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) सूत्र. प्लास्टिक पॅकेजिंगसाठी प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांच्या फेब्रुवारी 2022 च्या दुरुस्तीने त्याला वर्गवार उद्दिष्टे जोडली. खर्च टळत नाही, पण चुकीच्या नोंदींमुळे तो दोनदा करावा लागतो.

सर्वांत महागात पडते ती वर्गवारी. चकचकीत पाऊच दिसला की ‘एमएलपी’ (बहुस्तरीय प्लास्टिक) म्हणून वर्ग 3 मध्ये टाकला जातो. पण पीईटी आणि पॉलिथिन, असे सगळे थर प्लास्टिकचेच असतील तर तो वर्ग 2. मध्ये ॲल्युमिनियम फॉइल किंवा कागद आला तरच वर्ग 3. बरण्या, बाटल्या वर्ग 1. उद्दिष्ट भरायचे ते कचरा मार्गी लावल्याच्या प्रमाणपत्रांनी, आणि एका वर्गाचे प्रमाणपत्र दुसऱ्या वर्गात वळते होत नाही. म्हणून नजरेने ठरवू नका. लॅमिनेटवाल्याकडून प्रत्येक पाऊचची थररचना आणि वजन लेखी घ्या. श्रिंक आणि स्ट्रेच फिल्मही मोजा, ती हमखास विसरली जाते.

हिशेबातही घोळ होतो. ब्रँडमालकाने वर्ग 3 चे प्लास्टिक 2023-24 मध्ये 40 टन, 2024-25 मध्ये 60 टन बाजारात आणले, तर सरासरी 50. त्यात कारखान्यातच निघालेल्या प्लास्टिक कचऱ्याची दोन वर्षांची सरासरी, समजा 2 टन, मिळवा. 2025-26 चे उद्दिष्ट 52 टन. त्यातले किमान 40 टक्के, म्हणजे 20.8 टन, रिसायकलिंगच्याच प्रमाणपत्रांनी भरायचे. सिमेंट भट्टीत जाळल्याची प्रमाणपत्रे स्वस्त पडली तरी ती फक्त उरलेल्या 31.2 टनांत चालतात. उलट, म्हणजे रिसायकलिंगची प्रमाणपत्रे या 31.2 टनांत वापरणे, मात्र चालते!

नोंदणी कुठे? महाराष्ट्र आणि गोवा एवढाच व्यवसाय असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. बेळगावातही माल जाऊ लागला की राज्ये तीन होतात आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावे लागते.

प्रमाणपत्र घेताना रिसायकलरची नोंदणी आणि क्षमता केंद्रीय मंडळाच्या ईपीआर पोर्टलवर तपासा. 2023 मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत लाखो बनावट प्रमाणपत्रे निघाली होती. ईमेलने आलेल्या पीडीएफला अर्थ नाही, पोर्टलवर खात्यात जमा झाले तेच खरे.

वार्षिक विवरणपत्राची मूळ मुदत 30 जून. उद्दिष्ट चुकल्याबद्दलची पर्यावरण भरपाई भरली म्हणजे सुटलो, हाही गैरसमजच. राहिलेले उद्दिष्ट तीन वर्षे पुढे ओढले जाते. ते पहिल्या वर्षात पुरे केले तर भरपाईचे 75 टक्के परत मिळतात, दुसऱ्यात 60, तिसऱ्यात 40.