खरूज घालवायची तर अख्खं घर एकाच रात्री

अंथरुणात शिरलं की खाज वाढते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती बारीक पुरळ आहे. आणि घरात आणखी कुणीतरी खाजवतंय. एवढं जुळलं की बहुधा ती खरूजच. तरी त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. मेडिकलमध्ये ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हणून मात्र मागू नका. बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब हातात पडते. चार दिवस बरं वाटतं, पुरळ फिकं पडतं, खरुजेचा बारीक किडा कातडीच्या आत मजेत असतो, आणि पुढे डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

मुलींच्या वसतिगृहात मी अकरा वर्षं गृहपाल होते. दिवाळीची सुट्टी संपवून मुली परतल्या की खरूज यायचीच. तिथे जमलं, कारण शिस्त माझ्या हातात होती. माझ्याच घरात मात्र दोनदा फसलं.

औषध साधं आहे : डॉक्टर बहुधा 5 टक्के पर्मेथ्रिनचं मलम लिहून देतात. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅमची ट्यूब लागते. चार माणसांत एक ट्यूब वाटून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. घरात गरोदर बाई किंवा दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर त्यांचं औषध डॉक्टरच ठरवतील.

आता खरी अडचण. मलम घरातल्या प्रत्येकाने लावायचं, खाज असो वा नसो, आणि एकाच रात्री. पहिल्यांदाच खरूज होणाऱ्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तो ठणठणीत दिसतो आणि बिनदिक्कत दुसऱ्याला देत राहतो. आमच्या सासूबाई म्हणाल्या, “मला काही झालेलं नाही, मी दोन वेळा अंघोळ करते.” मीही वाद घातला नाही. आम्ही चौघांनी लावलं, त्यांनी नाही. तीन आठवड्यांनी धाकटी पुन्हा खाजवायला लागली. ती आजीच्या गोधडीत झोपायची. आजीची मनगटंही त्याच आठवड्यात लाल झाली. खरुजेचा अंघोळीशी काही संबंध नाही, हे पाहिजे तर भांडून सांगा, पण लावायला लावा.

दुसऱ्या वेळी सगळ्यांनी लावलं आणि घोळ मीच घातला. सात वाजता मलम लावलं, मग कणीक मळली, जेवणं झाली, भांडी घासली. हातावरचं औषध मोरीत गेलं, आणि किड्याची आवडती जागा तर हातच! त्यामुळे जेवणं, ओटा, भांडी सगळं उरकल्यावर, अगदी झोपताना लावा. रात्री उठून हात धुतले तर हातांना पुन्हा लावा.

आधी गरम पाण्याने अंघोळ नको. अंग कोरडं आणि गार हवं. नखं कापून घ्या. हनुवटीखालून तळपायापर्यंत, बोटभरही जागा न सोडता लावायचं. पुरळ असेल तेवढ्यावरच लावा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. नखांच्या आत, कोपर, काख, स्तनांखाली, बेंबी, परकराची नाडी रुतते ती कंबर, जांघा, गुप्तांग, ढुंगणाची घडी, पायाच्या बोटांमधली बेचकी, काही सोडू नका. पाठीला दुसऱ्याने लावावं. बांगड्या वर सरकवा, अंगठ्या काढा, पोरांचा करदोटा तोडून टाका. लहान मुलांना डॉक्टरांनी सांगितलं असेल तर डोळे-तोंड वगळून चेहऱ्याला आणि डोक्यालाही. बोट चोखणाऱ्याच्या हातात मोजे घाला.

आठ ते चौदा तासांनी अंघोळ, धुतलेले कपडे.

त्याच सकाळी चादरी, अभ्रे, पंचे, गेल्या तीन दिवसांतले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. गोधड्या धुता येत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. अंगापासून सुटलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो. घरभर फवारणी नको. आणि गुरांचं गोचिडाचं औषध अंगाला लावणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. कडुनिंबाच्या पाण्याने थोडं गार वाटतं, त्यावर भिस्त ठेवू नका.

सातव्या दिवशी सगळं पुन्हा, सासूबाईंसकट. अंड्यांवर औषधाचा भरवसा नाही, नवी पिल्लं निघतात.

यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. मेलेल्या किड्यांचे अवशेष कातडीत असतात, अंग त्यांवर चिडतं. म्हणून घाबरून रोज मलम चोपडू नका, त्याने कातडी आणखी पेटते. खोबरेल तेल लावा, खाजेची गोळी डॉक्टरांकडून घ्या. चार आठवड्यांनंतरही नवं पुरळ उठलं तर पुन्हा दाखवा. मुलांच्या फोडांत पू झाला, ताप आला किंवा लघवी लाल दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना. या जंतुसंसर्गाने किडनीलाही त्रास होऊ शकतो.

पहिल्या रात्रीनंतर मूल शाळेत जाऊ शकतं. पण ज्यांच्याकडे नुकतं राहून आलात त्यांना फोन करा. मी लाजेपोटी नणंदेला कळवलं नव्हतं. महिन्याने ती राहायला आली, तेव्हा रात्रभर तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.