भावंडांची मारामारी कशी थांबवायची, आणि ती नुसती भांडणं नाहीत हे कसं ओळखायचं

भावंडं म्हटली की भांडणारच, हे आपल्याकडे घरोघरी म्हणतात आणि बऱ्याच अंशी ते खरंय, रिमोटवरून, खिडकीच्या सीटवरून जुंपते आणि थोड्या वेळाने दोघं परत एकत्र खेळत असतात. पण याच वाक्याच्या आड कधीकधी एक मूल रोज मार खात असतं आणि कोणाच्या ते लक्षातच येत नाही.

१. आधी काही दिवस नीट बघा. मार खाणारं मूल दरवेळी तेच आहे का? दादा किंवा ताई खोलीत आली की धाकटं गप्प होतं का, त्यांच्यासोबत एकटं थांबायला नको म्हणतं का? मुद्दाम वस्तू तोडणं, "तुला कचऱ्यातून उचलून आणलंय" असं सारखं ऐकवणं, हेही यातच आलं. असं असेल तर तो छळ आहे. ब्रिटनमध्ये हजारो मुलांचा अभ्यास झाला होता, 2014 मध्ये छापून आला. 12 व्या वर्षी ज्यांना भावंडं आठवड्यातून अनेकदा छळत होती, त्यांच्यात 18 व्या वर्षी डिप्रेशनचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट निघालं.

२. मारामारी चालू असेल तर फक्त वेगळं करा. ज्याला लागलंय त्याच्याकडे आधी जा. "सुरुवात कोणी केली?" विचारू नका, दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार आणि तुम्ही नुसते न्यायाधीश होऊन बसणार. आणि प्लीज, "मारू नकोस" म्हणत स्वतः फटका देऊ नका, त्यातून मूल एवढंच शिकतं की मोठ्याने लहानाला मारलं तर चालतं.

३. डोकी शांत झाल्यावर बसवा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मधे न बोलता ऐकायचं आणि तो काय म्हणाला ते सांगायचं, मग दोघांनी मिळून तोडगा काढायचा, तुम्ही सुचवायची घाई करू नका. पण छळ चालू असेल तर हे करू नका, घाबरलेलं मूल समोर खरं बोलणारच नाही, त्याच्याशी एकट्याने बोला.

४. "तू मोठा आहेस ना, समजून घे" हे बंद करा. माझ्या मते सगळ्यात जास्त आग इथेच लागते. सात वर्षांचं पोर धाकटं आल्या दिवसापासून अचानक मोठं होतं, त्याची खेळणी, आईची कूस, सगळं वाटलं जातं आणि वर समजूतदारपणाही त्यानेच दाखवायचा, मग तो राग कोणी बघत नसताना चिमट्यातून निघतो. उलट धाकट्यालाही कळतं की रडलं की आपलंच खरं होतं. मुलगी असेल तर आणखी वाईट, ती लहान असो की मोठी, माघार तिनेच घ्यायची. आजी-आजोबांशीही यावर बोला, नाहीतर तुम्ही एक सांगणार आणि ते दुसरं. मार्कांची तुलना तर नकोच.

५. भांडणाच्या वेळा ओळखा. शाळेतून भुकेलेली आल्यावर, झोपायच्या आधी. आधी खायला द्या. घर वन रूम किचन असलं तरी प्रत्येकाचा एक कप्पा ठरवा, ज्याला दुसऱ्याने विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि रोज थोडा वेळ एकेकाला एकटं द्या.

६. जखमा होतायत, हातात वस्तू घेऊन मारलं जातंय, किंवा नको तिथे हात लावल्याचं मूल सांगतंय, तर दोघांना एकटं सोडू नका, मुलावर विश्वास ठेवा आणि लगेच मदत घ्या. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाईन आहे, मनाच्या त्रासासाठी टेली मानस 14416, दोन्हीवर कॉल फ्री आहे. मारणाऱ्या मुलालाही समुपदेशकाकडे न्या, बऱ्याचदा ते मूलही कुठेतरी मार खात असतं, शाळेत नाहीतर घरातच.