मानसशास्त्र की एमएसडब्ल्यू? साताऱ्यातून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात येताना

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मुलांचा ठरलेला प्रश्न असतो: एम.ए. केलं की काउन्सेलर होता येतं ना? येतं. शाळा, संस्था, समुपदेशन केंद्रं इथं काम मिळतं. पण दारावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. दोन वर्षांचं एम.फिल. हा त्याचा जुना रस्ता. तो आता बंद होतोय, नवे अभ्यासक्रम येताहेत. कॉलेजच्या जाहिरातीवर विसंबू नका, परिषदेची चालू यादी स्वतः बघा.

चाचण्या घेण्यापेक्षा माणसांच्या घरी जाण्यात ज्यांना रस आहे त्यांनी, माझ्या मते, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करावी. जकातवाडीला यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क आहे. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या जागेलाही ही पदवी लागते. व्यसनमुक्तीची ओढ असेल तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र साताऱ्यातच आहे.

खरं शिक्षण क्षेत्रकार्यात, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन काम करताना होतं. रुग्ण दाराशी गप्प बसलेला असतो आणि बोलतात सासूबाई. त्यांचं ऐका, पण त्याच्याशी आणि बायकोशी वेगवेगळं बोलल्याशिवाय उठू नका. पुष्कळ घरं आधी देवऋष्याकडे जाऊन आलेली असतात. लगेच २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यावर व्याख्यान दिलंत तर ती माणसं पुन्हा येत नाहीत. तिथं नेल्यावर काय फरक पडला, एवढं आधी विचारा. मारहाण किंवा उपाशी ठेवणं निघालं तर मात्र गप्प बसायचं नाही, वरिष्ठांना लगेच सांगायचं. पुढची तारीख देताना सुगी आणि गावची यात्रा विचारून घ्या. बगाडाच्या दिवशी बावधनचा माणूस तुमच्याकडे कशाला येईल?

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण सातारा पडलं लहान गाव. पोवई नाक्यावर रुग्ण समोर आला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. तो हसला तर हसायचं. घरी जेवताना नाव न घेता सांगितलेली केससुद्धा आईला बरोबर ओळखू येते, हे ध्यानात ठेवा.

पगाराचं थोडक्यात: योजनांमधल्या बऱ्याच जागा कंत्राटी, अकरा महिन्यांच्या. निधी उशिरा आला की पगारही उशिरा. गाडीचा हप्ता पाच तारखेचा लावून घेऊ नका.