समलिंगी जोडप्याचा घटस्फोट-करार परिस्थिती बदलल्यावर कसा बदलून घ्यावा

अमेरिकेत २६ जून २०१५ रोजी ऑबर्गफेल खटल्याचा निकाल लागला, समलिंगी विवाहाला सर्व राज्यांत मान्यता मिळाली आणि घटस्फोट, पोटगी व मुलांचा ताबा यांचे नियमही या जोडप्यांना इतरांप्रमाणेच लागू झाले. त्यामुळे नोकरी गेली, गंभीर आजार उद्भवला किंवा मुलांच्या गरजा बदलल्या, तर जुना करार बदलून मागण्याचा मार्ग त्यांनाही खुला आहे.

प्रथम करार काढून त्यातील काय बदलू शकते हे पाहावे. घर, बचत आणि कर्जे यांची वाटणी सहसा अंतिम असते. मालमत्ता लपवल्याचे किंवा फसवणूक झाल्याचे उघड झाले तरच, आणि तेही मुदतीत, ती पुन्हा उघडता येते. पोटगी बदलता येते, परंतु ती बदलणार नाही असे कलम दोघांनी मान्य केले असेल, तर न्यायालय सहसा त्याला धरून चालते. मुलांच्या बाबतीत मात्र पालकांनी काहीही लिहून ठेवलेले असले, तरी मुलाचे हित तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार संपत नाही.

सर्वांत महागात पडते ते थांबणे. मुलांच्या निर्वाहखर्चाचा हप्ता एकदा देय झाला की १९८६ च्या संघीय दुरुस्तीमुळे तो न्यायालयीन निवाड्याइतका पक्का होतो. सवलत मिळालीच तर फार तर अर्जाची नोटीस दुसऱ्या पक्षाला मिळाल्यापासून मिळते. ‘सध्या निम्मेच दे, पुढचे नंतर पाहू’ असे पूर्वीच्या जोडीदाराने मनापासून म्हटले असले, तरी त्या शब्दांनी थकबाकी थांबत नाही. म्हणून नोकरी गेल्यावर नवी मिळण्याची वाट न पाहता लगेच अर्ज दाखल करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

परिस्थितीतील बदल मोठा असावा लागतो आणि तो स्वतःहून ओढवून घेतलेला नसावा. न्यूयॉर्कमध्ये, करारात हे निकष वगळलेले नसतील तर, मुलांच्या निर्वाहखर्चाच्या आदेशाला तीन वर्षे होणे किंवा उत्पन्नात १५ टक्के फरक पडणे हेही अर्जाला पुरेसे कारण ठरते.

मूल असल्यास पैशांआधी पालकत्वाची कागदपत्रे पाहावीत, कारण समलिंगी जोडप्यांची खरी अडचण बहुधा येथेच असते. दोघींपैकी एकीने मुलाला जन्म दिला असेल, तर जन्मदाखल्यावर दोघींची नावे असणे ही भक्कम बाब आहे, परंतु दाखला म्हणजे न्यायालयाचा निवाडा नव्हे. दत्तकविधानाचा किंवा पालकत्वाचा न्यायालयीन आदेश मात्र दुसऱ्या राज्याला मानावा लागतो. जॉर्जियातील दत्तकविधान नाकारणाऱ्या अलाबामाच्या न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला, तो याच कारणासाठी. घटस्फोटाच्या निवाड्यात दोघांचे पालकत्व स्पष्ट नोंदलेले नसेल, तर ताब्याचा वाद उघडण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

पोटगीची मुदत ठरवताना लग्नाआधीच्या सहजीवनाची वर्षे धरलेली असतील, तर नव्या मसुद्यात ती वाक्ये जशीच्या तशी राहतील याची काळजी घ्यावी, कारण कायद्याने विवाह शक्य नसताना एकत्र काढलेली ती वर्षे विवाहाच्या दाखल्यावर दिसत नाहीत.

अर्ज सहसा मूळ आदेश देणाऱ्या राज्यातच करावा लागतो. मुलांच्या निर्वाहखर्चापुरते बोलायचे तर, पालकांपैकी एक किंवा मूल तेथे राहत असेपर्यंत अधिकार त्याच राज्याकडे असतो. पगारपत्रके, करविवरणे, कामावरून कमी केल्याचे पत्र आणि वैद्यकीय कागद सोबत जोडावेत. दोघांची संमती असली तरी तडजोडीचा मसुदा न्यायाधीशांकडून मंजूर करून घ्यावाच. मूळ करार १ जानेवारी २०१९ पूर्वीचा असेल, तर पोटगीवरील जुनी करवजावट नव्या शब्दांमुळे अनवधानाने सुटणार नाही, हेही तपासावे. नवा आदेश हाती येईपर्यंत जुनी रक्कम, निदान शक्य तेवढी, बँकेमार्फतच भरावी आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी.