आवर्ती ठेवीच्या व्याजदरांची तुलना कशी करावी

दरमहा ठरावीक रक्कम शिल्लक टाकण्यासाठी आवर्ती ठेव, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातील आरडी, उघडताना बहुतेक जण फलकावरील टक्का पाहतात आणि आकडा मोठा दिसेल तेथे खाते काढतात. वास्तविक तुलना करावयाची ती मुदतीअखेर हातात पडणाऱ्या रकमेची. म्हणून प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: दरमहा १,००० रुपये ६० महिने भरल्यास शेवटी किती मिळतील? उत्तर लेखी घ्यावे.

पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीवर १ ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के दर लागू झाला आणि तेथे व्याजाची आकारणी तिमाही चक्रवाढीने होते. या हिशेबाने भरलेल्या ६०,००० रुपयांचे ७१,३६६ रुपये होतात. व्याज कमी वाटते, कारण पहिल्या हप्त्याला ६० महिन्यांचे व्याज मिळते, तर शेवटच्या हप्त्याला जेमतेम एका महिन्याचे. आता एखाद्या संस्थेने ७ टक्के सांगितले, पण व्याज सरळ पद्धतीने लावले, तर हाती येतील ७०,६७५ रुपये, म्हणजे टक्का मोठा असूनही पोस्टापेक्षा ६९१ रुपये कमी. तेच ७ टक्के तिमाही चक्रवाढीने मिळाले, तर रक्कम ७१,९३३ होते. पोस्टाहून जास्त मिळतात ते ५६७ रुपये, तेही पाच वर्षांत.

हा ५६७ चा आकडा लक्षात ठेवूनच पतसंस्थांच्या जाहिराती वाचाव्यात. सहकारी बँकांसह बँकांमधील ठेवींना, आवर्ती ठेवींनाही, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे आणि पोस्टाच्या ठेवीमागे केंद्र सरकार उभे आहे. पतसंस्था या विम्यात येत नाहीत. जळगाव जिल्ह्यातील पतसंस्थांमध्ये ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षे अडकल्याचे खानदेशाने पाहिलेले आहे; तरीही अर्ध्या-एक टक्क्यासाठी माणसे पुन्हा तोच दरवाजा ठोठावतात, याचे नवल वाटते. ज्येष्ठ नागरिकांना मात्र अनेक बँका सुमारे अर्धा टक्का जादा देतात. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत ही सवलत नाही, त्यामुळे त्यांनी दोन्हीकडची अंतिम रक्कम मागून घ्यावी.

हप्ता चुकल्यास काय होते, ही बाब खानदेशातील शेतकरी कुटुंबांसाठी दराइतकीच महत्त्वाची आहे. रावेर-यावलकडे केळीची काढणी झाली, किंवा चोपडा-अमळनेरकडे कापूस विकला गेला, की पैसा एकदम येतो आणि मधले महिने कोरडे जातात. पोस्टात चुकलेल्या प्रत्येक महिन्याला दर १०० रुपयांमागे १ रुपया दंड पडतो. १,००० रुपयांच्या हप्त्याला तो १० रुपये झाला. त्याऐवजी पीक विकल्यावर १२ हप्ते आगाऊ भरल्यास दर १०० रुपयांच्या हप्त्यामागे ४० रुपये, म्हणजे १,००० च्या हप्त्याला ४०० रुपये सूट मिळते. बारापैकी अकरा हप्ते वेळेआधी भरले जातात आणि त्या आगाऊ काळाचे ६.७ टक्क्यांनी सरळ व्याज सुमारे ३६८ रुपये होते, तेव्हा ही सूट घेणे फायद्याचेच आहे. सहा हप्ते आगाऊ भरल्यास सूट दर १०० रुपयांमागे १० रुपयेच असल्याने, जमत असेल तर बाराच भरावेत.

मुदतीआधी पैसे लागण्याची शक्यता असल्यास त्याची अटही अगोदर वाचावी. पोस्टाचे खाते तीन वर्षांनंतर बंद करता येते, परंतु तेव्हा व्याज बचत खात्याच्या दराने मिळते. त्याऐवजी १२ हप्ते भरून झाल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज घेता येते आणि त्यावर ठेवीच्या दरापेक्षा २ टक्के अधिक व्याज पडते. गरज थोड्या महिन्यांची असेल, तर खाते मोडण्यापेक्षा हे कर्ज बहुधा स्वस्त पडते.