सतारीसाठी विमानात जादा सीट: माझा अनुभव

मिरजेत बनवलेली माझी सतार पुण्याहून दिल्लीला न्यायची होती. वेबसाइटवर माझ्याच नावाने दुसरी सीट घेता येईना. 'प्रवाशाचे नाव दोनदा आले आहे' एवढाच संदेश. मागच्या खेपेला 'नाजूक' स्टिकर लावून ती सामानात दिली, तर भोपळ्याला तडा गेला. त्या दिवशी मी विमानतळावरच रडले. एकदा दुसरी सीट भावाच्या नावाने काढली, पण तो नसल्याने काउंटरवर ती रद्दच धरली.

शेवटी जमले ते असे. पैसे भरण्याआधी कॉल सेंटरला फोन केला. सतार ठेवायच्या पेटीसकट लांबी, रुंदी, जाडी, वजन सांगितले आणि 'सीबीबीजी' सीट मागितली. केबिनमधल्या सामानाच्या सीटचा हा कोड, तो पहिल्या नावाच्या जागी येतो, आडनाव आपलेच. (स्वतःला ऐसपैस बसायचे असेल तर कोड 'ईएक्सएसटी'.) दोन्ही सीटा एकाच पीएनआरवर घ्या. वाद्य खिडकीशी, आपण शेजारी. आपत्कालीन दाराची रांग नको. मंजुरी ईमेलवर मागा आणि छापून ठेवा, मला काउंटरवर तीच कामी आली.

निघताना तारा थोड्या उतरवल्या. वेब चेक-इन न करता काउंटरवरून दोन बोर्डिंग पास घेतले. विमानात लवकर चढून सीट-बेल्ट लांब करणारा जोड-पट्टा मागितला. भोपळा खाली, दांडी सीटच्या पाठीला टेकवून पट्टा आवळला.

दिल्लीत पेटी उघडली, सतार जशीच्या तशी.